इंदूरहून उडताना खिडकीची सीट: आधी बाजू, मग रांग, पैसे सगळ्यात शेवटी

आईला पहिल्यांदा विमानात बसवलं तेव्हा मी मोठ्या ऐटीत पैसे देऊन १४ए घेतली होती, खिडकी म्हणजे खिडकी, त्यात काय बघायचं असं वाटलं होतं. मुंबईपर्यंत सव्वा तास आईने काय बघितलं तर विमानाचा एक पांढरा पंख. उतरल्यावर म्हणाली, पत्रा चांगला होता हो. तेव्हापासून घरात कोणाचंही तिकीट निघालं की सीट मी बघतो, आणि गंमत म्हणजे सगळे त्याच तीन-चार चुका पुन्हा पुन्हा करतात. कोणी सवयीने ए घेतं, कोणी पुढची रांग भारी समजून दुसऱ्या रांगेचे पैसे भरतं, कोणी जाताना डावी मिळाली म्हणून येतानाही डावीच घेतं.

यात क्रम महत्त्वाचा आहे. रस्ता, मग ऊन, मग बाजू, मग रांग, आणि पैसे सगळ्यात शेवटी. क्रम उलटा केलात की पैसे जातात आणि पंख दिसतो.

१. आधी रस्ता काढा, सीटचा नकाशा उघडूच नका

बुकिंग करतानाच अ‍ॅप सीट निवडा म्हणून मागे लागतं, तिथे स्किप करा. आधी फ्लाइटरडार२४ वर तुमच्या फ्लाइटचा नंबर टाका, तीच फ्लाइट गेल्या काही दिवसांत कुठून गेली ते दिसतं. तीन-चार दिवसांचे रस्ते बघा, एकाच दिवसावर जाऊ नका, कारण हवामान आणि ट्रॅफिकप्रमाणे रस्ता थोडा इकडेतिकडे होतो.

ते जमत नसेल तर साध्या नकाशावर इंदूर आणि जिथे जायचंय ते गाव यांच्यामध्ये सरळ रेषा मारा. अगदी बरोबर नाही येणार पण बाजू ठरवायला पुरते. मी खाली जे लिहितोय ते सगळं अशा सरळ रेषेवरूनच आहे, त्यामुळे तुमच्या दिवशी वीस-तीस किलोमीटरचा फरक पडू शकतो.

इथेच सगळ्यात मोठी चूक होते. नकाशात पश्चिम डाव्या हाताला असते, म्हणून लोक म्हणतात सह्याद्री पश्चिमेला, म्हणजे डावी खिडकी. अहो पण तुम्ही इंदूरहून दक्षिणेला चाललात ना! दक्षिणेकडे तोंड केलं की पश्चिम उजव्या हाताला येते. मोबाइल उलटा फिरवा, म्हणजे जायचं गाव वरच्या बाजूला येईल असा धरा, आणि मग डावं-उजवं ठरवा. हसू नका, माझे एक काका इंजिनिअर आहेत आणि तेही यात दोनदा फसलेत.

लक्षात ठेवा: तोंड कॉकपिटकडे केलं की डावीकडे ए, उजवीकडे एफ. तीन-तीन सीटच्या विमानात हे पक्कं.

२. काय दिसणार ते अंतरावरून ठरवा

विमान १० किलोमीटरच्या आसपास उंचीवर असतं तेव्हा क्षितिज साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे जातं, पण म्हणून तिथपर्यंतचं सगळं दिसत नाही, मधे धुरकट थर असतो. कामाचा पट्टा साधारण १० ते ४० किलोमीटर बाजूला. त्याच्या आतलं विमानाच्या पोटाखाली जातं, त्याच्या पलीकडचं फिकट होत जातं. मोठं पाणी किंवा बर्फाचे डोंगर असतील तर लांबूनही दिसतात, देऊळ-किल्ला दिसणार नाही.

म्हणजे एखादी जागा बरोबर रेषेवर आली तर खूष होऊ नका, ती दोन्हीकडच्या लोकांना दिसत नाही. पुण्याला जाताना सरळ रेषेत महेश्वर आणि शिर्डी दोन्ही जवळजवळ पोटाखाली येतात, अहिल्याबाईंचा घाट बघायचा म्हणून पुण्याच्या फ्लाइटमध्ये काचेला नाक लावून बसलेले लोक मी बघितलेत आणि मी पण त्यातलाच. मुंबईच्या फ्लाइटला मात्र तेच महेश्वर डावीकडे वीसेक किलोमीटरवर पडतं, तिथे चान्स आहे.

३. ऊन कुठून येणार ते बघा

हे लोक करतच नाहीत. बाजू बरोबर असते, डोंगरही तिथेच असतात, पण सूर्य त्याच बाजूने तोंडावर आणि काचेवर येतो आणि सगळं पांढरं दिसतं. काचेवरचे ओरखडे तेवढे झगमगतात. मग शेजारचा म्हणतो भिया, पडदा पाडा ना, आणि तुम्ही पाडता.

नियम सोपा आहे: सूर्य ज्या बाजूला त्याच्या उलट बाजूला बसा. सकाळी सूर्य पूर्वेला, संध्याकाळी पश्चिमेला, थंडीत दिवसभर दक्षिणेकडे झुकलेला. आपलं इंदूर कर्कवृत्ताच्या थोडंसंच खाली आहे त्यामुळे मे-जूनच्या दुपारी सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा बाजूचा फरक पडत नाही, पण तेव्हा उजेडच असा सपाट असतो की डोंगर चपटे वाटतात. नेमकं बघायचं असेल तर सनकॅल्कवर तारीख आणि वेळ टाका, सूर्याची दिशा नकाशावरच दिसते.

उलट बाजूला बसण्याचा अजून एक फायदा आहे, खाली ढग असले की त्यांच्यावर आपल्याच विमानाची सावली पळताना दिसते आणि कधीकधी तिच्याभोवती रंगीत गोल कडं. सूर्याच्या बाजूला बसणाऱ्याला ते कधीच दिसत नाही.

तपासा: रस्त्याने सांगितलेली बाजू आणि उन्हाने सांगितलेली बाजू एकच आहे का? एक असेल तर पुढे जा. वेगळ्या असतील तर मी ऊन मानतो. झगमगीत काचेतून कळसूबाई दिसत नाही, आणि दुसऱ्या बाजूला काही ना काही असतंच.

४. आपल्या नेहमीच्या रस्त्यांना कोणती बाजू

*इंदूर ते मुंबई.* विमान नैऋत्येला जातं, डावीकडे आग्नेय, उजवीकडे वायव्य. नर्मदा फार लवकर येते, सीटबेल्टचा दिवा विझायच्या आतच ती येऊन जाते, म्हणून बसल्या बसल्या मोबाइलमध्ये शिरू नका. डावीकडे महेश्वरच्या बाजूचं पात्र, उजवीकडे बडवानीकडे सरदार सरोवराचं पसरलेलं पाणी. मग सातपुडा, मग खानदेशातली सपाटी आणि तापी, मग सह्याद्री. नाशिक डावीकडे राहतं, कळसूबाईची रांग पण डावीकडे चाळीस-पन्नास किलोमीटरवर, आणि घाट उतरताना वैतरणा, भातसा अशी मोठी धरणं. म्हणजे जागा बघितल्या तर डावी. पण थंडीतल्या सकाळच्या फ्लाइटला सूर्य बरोबर डाव्या खिडकीत असतो, तेव्हा उजवी घ्या आणि नर्मदेच्या पाण्यावर समाधान माना. दुपारनंतरच्या फ्लाइटला बिनधास्त डावी.

मुंबईत उतरताना बहुतेक वेळा विमान ठाण्या-घाटकोपरकडून पश्चिमेला तोंड करून येतं, तेव्हा उजवीकडे पवई आणि विहारचे तलाव, मागे नॅशनल पार्कचं जंगल. डावीकडे खाडी आणि खालची मुंबई. समुद्राकडून उतरवलं तर जुहूचा किनारा पायाखाली आणि उजवीकडे लांबवर सी-लिंक. कुठून उतरवतील ते वाऱ्यावर असतं, तिकीट काढताना सांगता येत नाही, त्यामुळे उतरण्यावरून सीट ठरवू नका.

*मुंबई ते इंदूर.* तोच डोंगर आता उजवीकडे. संध्याकाळची फ्लाइट असेल तर ऊन डावीकडे आणि मागे, म्हणजे उजवी दोन्ही हिशेबांनी बरोबर. इतका जुळलेला रस्ता दुसरा नाही. इंदूरला पश्चिमेकडे तोंड करून उतरवलं तर मात्र राजवाड्याचा जुना भाग आणि सिरपूरचा तलाव डावीकडे येतो, तो उजवीवाल्यांना नाही मिळत. चालायचंच.

*इंदूर ते पुणे.* इथे लोक हमखास चुकतात, कारण मुंबईची सवय असते. मुंबईला जाताना विमान कळसूबाईच्या पश्चिमेकडून जातं, पुण्याला जाताना पूर्वेकडून. म्हणजे तीच भंडारदरा-हरिश्चंद्रगडची रांग पुण्याच्या फ्लाइटला उजवीकडे येते. लांब आहे, पन्नास-साठ किलोमीटर, धुरकट हवेत नुसती निळी रेघ दिसेल, पण पावसाळ्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरात स्वच्छ हवेत छान दिसते. सकाळची फ्लाइट घ्या, उजवी बाजू पश्चिमेची, ऊन पाठीशी.

*इंदूर ते दिल्ली.* विमान जवळजवळ सरळ उत्तरेला. सकाळी डावी, प्रश्नच नाही: निघाल्यावर थोड्याच वेळात उज्जैन डावीकडे येतं, पुढे गांधीसागरचं पाणी पण डावीकडेच, सत्तरएक किलोमीटरवर पण एवढं मोठं आहे की दिसतं, आणि ऊन उजवीकडून. संध्याकाळी उजवी, पण आग्रा आणि धौलपूरकडचे चंबळचे बीहड सव्वाशे किलोमीटरवर राहतात, त्यामुळे ताजमहाल दिसेल म्हणून पोरांना सांगून ठेवू नका.

*इंदूर ते बंगळूर.* याचं मला फार अप्रूप आहे. सरळ रेषेवर लोणारचं सरोवर डावीकडे साधारण १५ किलोमीटरवर येतं, म्हणजे एकदम कामाच्या पट्ट्यात. जवळपास पावणेदोन किलोमीटरचं गोल विवर आणि मधे पाणी, वरून चुकून शेत वाटूच शकत नाही. निघाल्यापासून अर्ध्या तासाच्या थोडं आधी डाव्या खिडकीला चिकटून बसा. पण या फ्लाइटचा रस्ता फ्लाइटरडार२४ वर नक्की बघा, रेषा वीस किलोमीटर सरकली की लोणार पोटाखाली तरी जातं नाहीतर लांब तरी.

*इंदूर ते हैदराबाद.* डावी. ओंकारेश्वर डावीकडे जवळच, दहा-अकरा किलोमीटरवर, आणि त्याच बाजूला पुढे इंदिरा सागरचं अफाट पाणी. नंतर फार काही नाही, झोपा.

५. दिल्लीला विमान बदलून हिमालयाकडे जाणार असाल तर

इथे चुकलात तर खरंच वाईट वाटतं म्हणून वेगळं लिहितो. दिल्लीहून बागडोगरा, गुवाहाटी किंवा काठमांडू, तिन्ही पूर्वेकडे आहेत आणि हिमालय उत्तरेला, म्हणून जाताना डावी म्हणजे ए. येताना उजवी म्हणजे एफ. बागडोगऱ्याच्या बाजूला ८,५८६ मीटरचं कांचनगंगा, काठमांडूच्या रस्त्यावर धौलागिरी आणि अन्नपूर्णा. इथे उन्हाचाही प्रश्न येत नाही कारण सूर्य बहुतेक दक्षिणेकडेच असतो, त्यामुळे बर्फाच्या बाजूला बसणाऱ्याच्या डोळ्यात जात नाही.

लेहचं वेगळं. दिल्लीहून उत्तरेला जायचं, डोंगर दोन्हीकडे. दुपारनंतर तिथे वारा वाढतो म्हणून फ्लाइट सकाळच्या असतात, सकाळी सूर्य उजवीकडे, म्हणून जाताना डावी. नुन-कुन पण त्याच बाजूला, नुन ७,१३५ मीटरचं. परतताना तोंड दक्षिणेला होतं, सूर्य डावीकडे येतो, म्हणून उजवी.

सावधान: जाण्या-येण्याचं तिकीट एकत्र काढलं की अ‍ॅपमध्ये दोन्हीकडे तेच अक्षर टॅप करायचा मोह होतो. हिमालयाच्या ट्रिपला एकाकडे ए आणि एकाकडे एफ असं दिसलं नाही तर थांबा, काहीतरी चुकलंय.

६. आता विमान कोणतं आणि रांग कोणती

आता कुठे सीटचा नकाशा उघडायचा. आधी विमानाचं मॉडेल बघा, बुकिंगमध्ये लिहिलेलं असतं.

एअरबस ए३२० असेल, तीस-एकतीस रांगांचं, तर पंख साधारण १० ते २० नंबरच्या रांगांखाली येतो. इमर्जन्सी एक्झिटच्या रांगा बरोबर पंखावर असतात, पाय पसरायला जागा भरपूर पण खाली बघायला पत्रा, आणि वर जास्त पैसे. मी ४ ते ८ घेतो. पंखाच्या पुढे असल्यामुळे खालचं स्वच्छ दिसतं आणि इंजिनची गरम हवा मध्ये येत नाही. तिथे सीट महाग असेल किंवा गेली असेल तर २३ च्या मागे, ते स्वस्तही असतं, फक्त मागून बघताना इंजिनच्या गरम हवेतून खालचं थोडं लहरताना दिसतं, डोळ्याला चालतं, फोटोत कळतं. शेवटची रांग टाळा, सीट मागे होत नाही आणि खिडकी अर्धवट येण्याची भीती.

ए३२१ लांब आहे, तिथे हेच नंबर चालणार नाहीत, पंख कुठे ते नकाशात बघा. बोइंग ७३७-८०० मध्ये डावीकडे पंखाच्या थोडं पुढे एका जागी खिडकीच नसते, एसीची नळी जाते तिथून, दहाव्या-अकराव्या रांगेच्या आसपास. म्हणजे खिडकीची सीट म्हणून पैसे आणि समोर भिंत. एअरोलोपा नावाच्या साइटवर रांगेसमोर खिडकी नेमकी कुठे येते ते काढलेलं असतं, दोन मिनिटं घालवून बघा.

पंख्याचं छोटं विमान म्हणजे एटीआर मिळालं तर नाक मुरडू नका, त्यात बघायला सगळ्यात मजा आहे. पंख खिडकीच्या वर असतो त्यामुळे खालचं काही झाकत नाही, विमान उडतंही कमी उंचीवर, शेतं-रस्ते-गावं वेगळी दिसतात. पुढच्या भागात पात्यांचा आवाज आणि पाती नजरेत येतात म्हणून मागच्या रांगा घ्या. आणि चढायचं दार मागे असतं, लोक उगाच पुढे जायला धडपडतात.

तपासा: बाजूचं अक्षर बरोबर? रांग पंखावर नाही? त्या रांगेला खिडकी आहे? तिन्हीला हो आलं की मगच पैसे.

७. सीट घेणं आणि ती टिकवणं

पैसे द्यायचे की नाही हे रस्त्यावर ठरवा. हिमालयाला द्या, मुंबईच्या संध्याकाळच्या परतीला द्या, हैदराबादला कशाला. पैसे नाही दिले तर वेब चेक-इन उघडल्या उघडल्या करा, बहुतेक ठिकाणी ४८ तास आधी उघडतं, अलार्म लावा, कारण फुकटच्या खिडक्या मागच्या रांगांत थोड्या असतात आणि त्या आधी जातात.

कुटुंबात तिघं असाल तर ६ए, ६बी, ६सी घेऊ नका, खिडकी एकालाच मिळते आणि मग पोरं भांडतात. ६ए आणि ७ए अशा मागेपुढे दोन खिडक्या घ्या आणि तिसऱ्याला ७बी द्या. सह्याद्री आला की अदलाबदल.

सावधान: कंपनीने ऐनवेळी विमान बदललं की तुमची सीट आपोआप दुसरीकडे टाकली जाते आणि मेल येईलच असं नाही. एकदा माझं ७ए चं १२सी झालं होतं, गेटवर कळलं, तोवर सगळं भरलेलं. आदल्या रात्री आणि सकाळी निघायच्या आधी एकदा बोर्डिंग पास उघडून नंबर बघा. बदललं असेल तर काउंटरवर लवकर जाऊन नम्रपणे मागा, आतमध्ये गेल्यावर अनोळखी माणसाला काका जरा सरका म्हणणं बरं दिसत नाही आणि ते सरकत पण नाहीत.

८. बसल्यावर

काच कोरड्या मऊ कापडाने पुसा, आतून तरी. मोबाइल काचेच्या अगदी जवळ धरा पण टेकवू नका, थरथर येते. काचेत खाली एक बारीक छिद्र असतं, त्याच्याभोवती बर्फाचे कण जमतात, ते फोटोत येऊ देऊ नका, तिथून कॅमेरा थोडा वर. फ्लॅश बंद. पोलराइज्ड गॉगल काढून ठेवा, त्यातून काचेवर इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसतात आणि माणूस उगाच म्हणतो काच खराब आहे. संध्याकाळी आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब फार येतं, काळं जॅकेट डोक्यावरून खिडकीला लावा, वेड्यासारखं दिसतं पण काम होतं.

पुणे, लेह, ग्वाल्हेर अशी हवाई दलाची विमानतळं असतील तर उतरताना-चढताना फोटो काढू नका, तिथे मनाई असते. कधी पडदेच खाली करा म्हणून अनाउन्समेंट होते, तेव्हा वाद न घालता करा. म्हणूनच पुण्याच्या सीटचा हिशेब मी कधी लँडिंगवर करत नाही, मधल्या अर्ध्या तासावर करतो.

मोबाइल फ्लाइट मोडवर टाकायच्या आधी त्या पट्ट्याचा ऑफलाइन नकाशा डाउनलोड करून ठेवा, खिडकीजवळ धरला की जीपीएस बऱ्याच वेळा पकडतो आणि खाली कोणतं धरण आहे ते लगेच कळतं. आईला मागच्या दिवाळीत मुंबईहून आणताना ६एफ दिली होती, संध्याकाळची फ्लाइट, तिने एका हातात मोबाइल धरून नाशिकपासून नर्मदेपर्यंत एकेक नाव मोठ्याने वाचून दाखवलं, शेजारच्या सीटवरच्या पोराला पण, आणि बिजासनच्या टेकडीजवळ चाकं टेकली तेव्हा ते पोर तिच्याकडूनच ऐकून मला सांगत होतं की काका, आता इंदूर आलं.